वाचकांचे प्रश्न : हिवतापात पांढऱ्या पेशींचं नेमकं काय बिघडतं?

हिवताप झाला की प्रतिकारशक्ती ‘कमी होते’ असं सरसकट म्हटलं जातं. या वेळी निवडलेले बहुतेक प्रश्न त्याच समजातून आले आहेत. प्रत्यक्षात प्रतिकारयंत्रणा दुबळी पडते यापेक्षा तिचं वळण बदलतं. काही पेशी गरजेपेक्षा जास्त भडकतात, काही मुद्दाम हात आखडतात, आणि काही परजीवीच्या कचऱ्याने तुंबून जातात. हा फरक ध्यानात आला की उपचारांत काय महत्त्वाचं आणि कशावर पैसे घालवू नयेत, हेही ठरवता येतं.

प्रश्न : हिवताप उतरला, पण रक्ताच्या अहवालात लिम्फोसाइट आणि प्लेटलेट कमी आले. प्रतिकारशक्ती खचली असं समजायचं का?

नाही. हिवतापाच्या तीव्र अवस्थेत लिम्फोसाइट, म्हणजे टी आणि बी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, रक्तातून ‘गायब’ होतात. त्यांतल्या काही मरतात, पण बऱ्याचशा प्लीहेत आणि इतर ऊतींत जाऊन बसतात. सुईने काढलेल्या रक्तात त्या नसतात म्हणून अहवालात आकडा घसरलेला दिसतो. परजीवी मेले की साधारण आठवड्याभरात त्या परततात. प्लेटलेटचंही तसंच. रोज रक्त तपासून घेण्यापेक्षा उपचार संपल्यावर सात ते दहा दिवसांनी एकदा तपासणी करावी. तेव्हाही आकडे खाली असतील, तर दुसरं कारण शोधायला हवं. मात्र ग्लानी, झटके, धाप, काळसर लघवी, कावीळ किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसलं तर आकड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. काही स्वयंचलित यंत्रं प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी ओळखतात. हिवतापाचं रंगद्रव्य पोटात असलेली न्यूट्रोफिल ही दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी या यंत्रांना इओसिनोफिल वाटते. ताप आहे, प्लेटलेट कमी आहेत आणि इओसिनोफिल विनाकारण जास्त दाखवले जाताहेत, असं दिसलं तर काचपट्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवाल सोडू नका. मागणीपत्रावर हिवतापाचं नावही नसताना निदान हाती लागल्याची उदाहरणं यातूनच मिळतात.

पेशींची संख्या भरून आली म्हणजे त्यांचं कामही पूर्ववत झालं, असं मात्र नाही. पुढचे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : पांढऱ्या पेशींत काळे कण दिसतात, ते काय असतात? ते निरुपद्रवी असतात की पेशीला त्रास देतात?

ते कण म्हणजे हिमोझोइन. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी तिच्यातलं साठ ते ऐंशी टक्के हिमोग्लोबिन पचवतो. प्रथिनाचा भाग तो वापरतो, पण लोह असलेला हीम मागे उरतो आणि मोकळा हीम परजीवीलाही विषारी असतो. म्हणून तो हीमचे स्फटिक करून आपल्या पचनपोकळीत साठवतो. क्लोरोक्विन हे औषध नेमकं इथेच आडवं येतं. स्फटिक बनू दिले जात नाहीत, आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्याने मरतो.

परजीवीच्या फॅल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्स या दोन्ही प्रकारांत साधारण ४८ तासांनी तांबडी पेशी फुटते. नवे परजीवी बाहेर पडतात, त्यांच्याबरोबर हा स्फटिकांचा गोळाही पडतो. मोनोसाइट, मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या गिळण्याचं काम करणाऱ्या पेशी तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत. यकृत आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेजमध्ये तो कित्येक महिने टिकतो. हिवतापाने मेलेल्यांची प्लीहा काळपट दिसते, ती यामुळे. १८८० मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ हेच रंगद्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, आणि तिथूनच ते परजीवीपर्यंत पोचले.

आता त्रासाबद्दल. १९९२ मध्ये मोनोसाइटना प्रयोगशाळेत हिमोझोइन भरवून पाहिलं गेलं. पहिला घास त्या उत्साहाने घेतात. नंतर दुसरं काही गिळायला दिलं तर गिळत नाहीत, आणि जंतू मारण्यासाठी लागणारा ऑक्सिजनच्या तीव्र संयुगांचा फवाराही सोडू शकत नाहीत. कारण रासायनिक आहे. स्फटिकातलं लोह पेशीच्या आवरणातल्या मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण घडवतं. त्यातून हायड्रॉक्सीनोनिनालसारखी चिकट, क्रियाशील द्रव्यं तयार होतात, आणि ती पेशीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. संदेश पुढे नेणारी विकरं (एन्झाइम) त्यामुळे निकामी होतात. मोनोसाइट आणि डेन्ड्रायटिक पेशी परक्या प्रथिनाचे तुकडे टी पेशींपुढे मांडायला जे रेणू वापरतात, तेही पृष्ठभागावर पुरेसे येत नाहीत. पेशी जिवंत राहते, पण टी पेशींना जागं करण्याचं काम तिच्याकडून नीट होत नाही.

हिमोझोइन फक्त दडपतं असंही नाही. त्याला चिकटून आलेला परजीवीचा डीएनए पेशीच्या आतल्या टीएलआर-९ या संवेदकाला डिवचतो. स्फटिकामुळे पेशीच्या आतली पचनपिशवी फुटली तर एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा सुरू होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा सुटतं, म्हणजे ताप. भडकवणं आणि दडपणं ही दोन्ही कामं एकाच कणाकडून होतात. वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, यामागे बरेचदा एवढंच असतं की एकाने परजीवीपासून काढलेलं, डीएनए आणि मेद चिकटलेलं रंगद्रव्य वापरलं आणि दुसऱ्याने रासायनिक पद्धतीने बनवलेलं स्वच्छ. शोधनिबंध वाचताना ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग आधी पाहावा, तो यासाठी.

दवाखान्यातही या कणांचा थेट उपयोग आहे. पातळ काचपट्टीवर तेलाच्या भिंगाखाली १०० न्यूट्रोफिल मोजा. त्यांतल्या पाचपेक्षा जास्त पेशींत रंगद्रव्य असेल तर तो गंभीर आजाराचा इशारा समजला जातो, परजीवींची संख्या थोडी दिसत असली तरी. कारण फॅल्सिपॅरमचे प्रौढ परजीवी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि बोटातून काढलेल्या थेंबात येत नाहीत. ते किती प्रमाणात फुटले, हे न्यूट्रोफिलच्या पोटातल्या कचऱ्यावरून समजतं. नवशिक्यांचा गोंधळ रंगाच्या साक्याशी होतो. साका पेशीच्या वर बसतो, सूक्ष्म स्क्रू किंचित फिरवला की पेशी धूसर होते आणि तो स्पष्ट दिसतो, शिवाय पेशींच्या बाहेरही विखुरलेला असतो. रंगद्रव्य पेशीच्याच पातळीत, सोनेरी-तपकिरी ते काळं दिसतं आणि ध्रुवित प्रकाशात चमकतं. रंगाचं द्रावण त्याच दिवशी, ७.२ सामू (पीएच) असलेल्या पाण्यात करून गाळून घेतलं तर हा गोंधळ बहुतेक टळतो.

प्रश्न : ‘मलेरियामुळे जनुकांची अभिव्यक्ती बदलते’ असं वाचलं. म्हणजे आपली जनुकंच बदलतात का? मुलांमध्ये ते उतरेल का?

जनुकांचा मजकूर, म्हणजे डीएनएचा क्रम, बदलत नाही. बदलतं ते कोणतं जनुक किती वाचलं जातं हे. पेशी जनुकाच्या आरएनए प्रती काढते आणि त्यांवरून प्रथिनं बनवते. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघाल्या, ती अभिव्यक्ती.

तापात असलेल्या रुग्णाच्या रक्तातला आरएनए मोजला तर इंटरफेरॉन या संदेशद्रव्याला प्रतिसाद देणारी, दाहाची आणि गिळण्याच्या कामाशी निगडित जनुकं चढलेली दिसतात, आणि टी पेशींशी निगडित अनेक जनुकं उतरलेली. यातला एक भाग खरा बदल असतो. दुसरा भाग फसवा असतो : लिम्फोसाइट रक्तातून निघून गेल्या की त्यांचा आरएनएही नमुन्यात कमी येतो. जनुक ‘बंद पडलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात पेशीच हजर नसते. या विषयावरच्या बातम्यांत हा भेद क्वचितच सांगितला जातो.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते वारंवार हिवताप होणाऱ्यांमध्ये घडणारं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्या हिस्टोनवर रासायनिक खुणा असतात. एक खूण जनुक वाचनासाठी उघडं ठेवते, दुसरी ते मिटून टाकते. मालीमध्ये, जिथे दर पावसाळ्यात हिवताप येतो, तिथल्या प्रौढांच्या मोनोसाइटवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. परजीवीने डिवचल्यावर या पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही दाहकारक द्रव्यं कमी सोडतात आणि दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० जास्त. प्रयोगशाळेत अशा पेशींना परजीवीचा सामना पुन्हा घडवला तेव्हा दाहाच्या जनुकांजवळच्या खुणाही त्याला साजेशा बदललेल्या दिसल्या. त्या भागांत रक्तात परजीवी बाळगूनही शाळेत जाणारी मुलं सापडतात, त्यामागे असं ‘शांत केलेलं’ वळण आहे. त्याचा फायदा उघड आहे : हिवतापात जीव बहुतेकदा जातो तो अनावर दाहाने आणि तुंबलेल्या रक्तवाहिन्यांनी. किंमत अशी की परजीवी पूर्ण हटत नाही, डास चावला की तो पुढे जातो, आणि दुसरा जंतू आला तर त्याच्याशीही याच सौम्य पेशी लढतात.

इथे एक गोष्ट साहजिकच मनात येते. मोनोसाइट रक्तात जेमतेम एक ते काही दिवस जगते, मग बदल महिनोन्‌महिने कसा टिकेल? तो टिकत असेल तर खुणा अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवरच उमटायला हव्यात, आणि संशोधनाचा रोख सध्या तिकडेच आहे.

मुलांमध्ये उतरण्याबद्दल : रक्तपेशींवरच्या या खुणा शुक्रपेशी किंवा अंडपेशीत जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या हिवताप सोसलेल्या समाजांत सिकलसेलचं जनुक जास्त आढळतं, ती वेगळी प्रक्रिया आहे, ती निवडीची. एकच प्रत असलेले लोक गंभीर हिवतापातून जास्त वाचले, म्हणून ते जनुक टिकलं.

प्रश्न : हिवतापानंतर लगेच टायफॉइड ‘निघाला’. विडाल पॉझिटिव्ह आहे. एकामागोमाग एक असे दोन आजार खरंच होतात का?

होऊ शकतात, पण तुमच्या बाबतीत ते एका विडालवरून, म्हणजे टायफॉइडविरुद्धचे प्रतिपिंड (अँटीबॉडी) शोधणाऱ्या रक्तचाचणीवरून, सिद्ध होत नाही. दोन्ही बाजू नीट पाहू.

आधी खोटी बाजू. हिवतापात बी पेशी सरसकट चाळवल्या जातात. परजीवीची काही प्रथिनं त्यांना अशा रीतीने जागं करतात की ज्या जंतूंशी काही संबंध नाही त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंडही रक्तात वाढतात. त्यामुळे विडाल, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल, संधिवातासाठीची ऱ्हुमेटॉइड फॅक्टर अशा चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. पूर्वी टायफॉइडची लस घेतलेल्यांत किंवा तो होऊन गेलेल्यांत हे आणखी सहज घडतं. टायफॉइडचा खरा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर करावं. प्रौढांत ८ ते १० मिली रक्त घ्यावं. दोन-तीन मिलीवर भागवलं तर जंतू असूनही निगेटिव्ह येतं, कारण टायफॉइडमध्ये रक्तातल्या जंतूंची संख्या मुळातच फार थोडी असते. ऱ्हुमेटॉइड फॅक्टरसारख्या चाचण्या तातडीच्या नसतील तर हिवतापातून बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा कराव्यात.

आता खरी बाजू. आफ्रिकेतल्या लहान मुलांत हिवतापाबरोबर किंवा त्याच्या पाठोपाठ साल्मोनेला रक्तात पसरण्याचं प्रमाण वाढतं, हे पक्कं माहीत आहे. हे बहुधा टायफॉइडचे नव्हे, तर त्याच कुळातले इतर जंतू असतात. यामागची यंत्रणा आधी उंदरांत उलगडली, आणि हिवताप शरीराला कसा पेचात टाकतो याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. तांबड्या पेशी फुटल्या की रक्तात मोकळा हीम वाढतो. त्याच्या विषापासून वाचायला शरीर हीम ऑक्सिजनेज-१ या विकराचं जनुक जोरात चालू करतं. हे विकर हीमचे तुकडे करतं आणि यकृत, मूत्रपिंड, मेंदू वाचवतं. पण तेच जनुक अस्थिमज्जेत तयार होत असलेल्या कोवळ्या न्यूट्रोफिलमध्येही चालू होतं. परिणामी न्यूट्रोफिल अशा बाहेर पडतात की साल्मोनेलाला गिळतात, पण मारू शकत नाहीत, कारण ऑक्सिजनचा फवारा अपुरा पडतो. जंतू त्यांच्याच पोटात सुरक्षित राहतो आणि त्यांच्याबरोबर फिरतो. उंदरांत हे विकर औषधाने रोखलं तेव्हा साल्मोनेलाविरुद्धचा प्रतिकार परत आला. गाम्बियातल्या मुलांत न्यूट्रोफिलचा हा कमकुवतपणा उपचारांनंतरही आठ आठवड्यांपर्यंत मोजता आला.

यावरून करायचं काय? हिवतापाची औषधं पूर्ण होऊनही ताप हटत नसेल, किंवा दोन-चार दिवस उतरून परत चढला, तर फक्त ‘मलेरियाच परत आला’ असं धरू नका. परजीवीसाठी काचपट्टी आणि जंतूसाठी कल्चर, दोन्ही एकाच वेळी करावीत. इथे कार्डवरच्या जलद चाचणीवर भिस्त ठेवू नये. परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधणारी चाचणी परजीवी मेल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहते आणि डॉक्टरांना भलत्या दिशेला नेते. उपचार लागू पडला की नाही, हे पाहायला काचपट्टीच हवी.

प्रश्न : गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही. हिवताप मात्र दरवर्षी होतो. प्रतिकारशक्ती तयारच होत नाही का?

तयार होते, पण हळू, अर्धवट, आणि सततच्या संसर्गाशिवाय न टिकणारी. प्रतिपिंडांत ताकद असते हे १९६१ मध्येच दिसलं होतं : हिवतापग्रस्त भागातल्या प्रौढांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन गाम्बियातल्या आजारी मुलांना दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. अडचण अशी की हे प्रतिपिंड जमायला वर्षं जातात.

पहिलं कारण परजीवीकडे आहे. फॅल्सिपॅरमकडे ‘व्हार’ कुळातली सुमारे ६० जनुकं असतात. प्रत्येक जनुक तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर जाणाऱ्या एका चिकट प्रथिनाची वेगळी आवृत्ती बनवतं. एका वेळी फक्त एकच जनुक चालू असतं, बाकीची हिस्टोनवरच्या खुणांनी मिटवून केंद्रकाच्या कडेला ठेवलेली असतात. एका आवृत्तीविरुद्ध प्रतिपिंड तयार होईस्तोवर काही परजीवींनी सदरा बदललेला असतो. म्हणजे जनुकं उघडण्या-मिटण्याचा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो, रुग्णाच्या पेशींतही आणि परजीवीतही.

शिवाय रिफिन नावाच्या, याहूनही मोठ्या कुळातली काही प्रथिनं आपल्या पेशींवरच्या ‘थांबा’ सांगणाऱ्या ग्राहकांना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूंना (रिसेप्टर), जाऊन लागतात. बी पेशी आणि मारक पेशींवरचा एलआयएलआरबी-१ हा त्यांतला एक, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी आफ्रिकेतल्या काही लोकांत विलक्षण प्रतिपिंड सापडले होते. त्यांत आपल्याच शरीरातल्या एलएआयआर-१ या ग्राहकाचा तुकडा घुसवलेला होता. परजीवी ज्या ग्राहकाला पकडायला येतो, त्याचाच तुकडा प्रतिपिंडात बसवून शरीराने रिफिनच पकडायला सुरुवात केली! प्रतिकारयंत्रणा हिवतापापुढे नुसती हतबल असते असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

दुसरं कारण आपल्या पेशींकडे आहे. सतत संसर्ग होणाऱ्यांच्या रक्तात वेगळ्या धर्तीच्या स्मृती बी पेशी वाढतात. मालीतल्या लोकांत त्या २००९ मध्ये वर्णिल्या गेल्या. सीडी-२१ आणि सीडी-२७ या नेहमीच्या खुणा त्यांच्यावर नसतात, आवर घालणारे ग्राहक जास्त असतात, आणि प्रयोगशाळेत डिवचल्यावर त्या प्रतिसाद कमी देतात. त्या थकलेल्या आहेत की योग्य मदत मिळाली तर कामाच्या आहेत, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. टी पेशींवरही पीडी-१, लॅग-३ असे आवर चढतात. उंदरांत हे आवर प्रतिपिंडांनी हटवले तेव्हा परजीवी लवकर साफ झाले. माणसात तसं करणं धोक्याचं ठरेल, कारण हाच आवर दाहापासूनही वाचवत असतो.

मिळालेली अर्धवट प्रतिकारशक्ती हिवतापाच्या भागातून काही वर्षं दूर राहिल्यास ओसरते. लहानपणी तिथे वाढलेले लोक ‘आम्हाला सवय आहे’ म्हणत प्रतिबंधक गोळ्या न घेता परत जातात आणि गंभीर आजारी पडतात. हा समज खरोखर जीवघेणा आहे.

तुमचा दरवर्षीचा ताप मात्र आधी नीट ओळखायला हवा. प्रत्येक वेळच्या अहवालात जात कोणती होती ते पाहा. व्हायव्हॅक्स असेल तर त्याचे निद्रिस्त परजीवी यकृतात राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात. रक्तातले परजीवी मारणारी औषधं त्यांना शिवत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विन लागतं, रूढ मात्रा दर किलो वजनाला दररोज ०.२५ मिग्रॅ, सलग १४ दिवस, आणि त्याआधी जी-६-पीडी या विकराची तपासणी. हे विकर कमी असेल तर प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात. गरोदरपणात ते देत नाहीत. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात, हे ‘दरवर्षीच्या मलेरिया’चं फार मोठं कारण आहे. अशा वेळी दोष प्रतिकारशक्तीला देऊन उपयोग नाही.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तातली जनुक-अभिव्यक्ती मोजायची आहे. कोणत्या चुका टाळाव्यात?

बहुतेक प्रकल्प विश्लेषणात नव्हे, रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या तासात बिघडतात. साध्या ईडीटीए नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी ताणाला प्रतिसाद देतात, नवे आरएनए बनतात, जुने मोडतात. मग तुम्ही हिवताप नव्हे, टेबलावर वाट पाहणारं रक्त मोजता. पॅक्सजीनसारख्या आरएनए स्थिर करणाऱ्या नळीत २.५ मिली रक्त घ्या. नळी पूर्ण भरू द्या, कमी रक्त आलं तर द्रावणाचं प्रमाण चुकतं. लगेच ८ ते १० वेळा हळुवार उलटसुलट करा, हलवून फेस काढू नका. सामान्य तापमानाला किमान २ तास ठेवा, ७२ तासांपेक्षा जास्त नको. साठवायचं असल्यास नळ्या तारेच्या जाळीत उभ्या ठेवून आधी उणे २० अंशांवर एक दिवस, नंतर उणे ८० वर. फोमच्या स्टँडमध्ये गोठवलेल्या नळ्या तडकतात.

त्याच वेळच्या रक्ताची पूर्ण गणना, पांढऱ्या पेशींची वर्गवारी आणि परजीवींची मोजणी नोंदवा. वर सांगितलेला फसवा बदल ओळखायला वर्गवारीच उपयोगी पडते. विश्लेषणात पेशींचं प्रमाण हा घटक धरला नाही, तर ‘टी पेशींची जनुकं दडपली’ हा निष्कर्ष परीक्षकांपुढे टिकणार नाही. पेशी वेगळ्या करून मोजणार असाल तर रक्त त्याच दिवशी वापरा. घनतेच्या थरावर मोनोसाइट आणि लिम्फोसाइट वेगळ्या करताना दाहामुळे हलक्या झालेल्या काही न्यूट्रोफिल त्यांच्यात मिसळतात, म्हणून शुद्धता तपासा. न्यूट्रोफिल गोठवून ठेवता येत नाहीत, त्यांच्यावरचे प्रयोग ताजेच करावे लागतात.

संपूर्ण रक्तातल्या संदेशवाहक आरएनएमध्ये ग्लोबिनचा वाटा प्रचंड असतो, सत्तर टक्क्यांपर्यंतही. तो काढला नाही तर वाचनाचा (सिक्वेन्सिंगचा) बहुतेक खर्च ग्लोबिनवरच होतो. आरएनएच्या अखंडतेचा निर्देशांक ७ च्या खाली असलेले नमुने शक्यतो वगळा. वाचनं मानवी आणि परजीवीच्या जनुकसंचाशी एकत्रितपणे जुळवा. संसर्गित तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिच्यातला आरएनए मुख्यतः परजीवीचा असतो, आणि त्यावरून परजीवी कोणत्या अवस्थेत आहेत हेही कळतं. ही माहिती सोन्यासारखी आहे, ती गाळून टाकू नका.

तुलना कोणाशी करायची, हे नमुने घेण्याआधी ठरवा. निरोगी लोकांशी केली तर दिसलेला फरक हिवतापाचा की नुसत्या तापाचा, हे सांगता येत नाही. इतर कारणांनी ताप आलेल्यांचा गट ठेवा, आणि जमल्यास त्याच रुग्णाचा बरं झाल्यावर चार आठवड्यांनी दुसरा नमुना घ्या. अर्थात, नीतिसमितीची परवानगी या दोन्ही नमुन्यांसाठी आधीच मागून ठेवा.

प्रश्न : हिवताप चालू असताना बाळाला लस द्यावी का?

साधा, उतरणीला लागलेला आजार असेल तर लस पुढे ढकलायची गरज नसते. मध्यम किंवा गंभीर आजार असेल तर बरं होईपर्यंत थांबतात. १९७२ मध्ये नायजेरियात हिवताप झालेल्या मुलांचा धनुर्वाताच्या लसीला मिळणारा प्रतिसाद कमी आढळला होता, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. पण जखम झाल्यावर द्यायची धनुर्वाताची लस कधीही लांबवू नये. हिवतापाविरुद्धच्या आरटीएस,एस आणि आर-२१ या लसींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने अनुक्रमे २०२१ आणि २०२३ मध्ये केली. त्या परजीवीच्या यकृताकडे जाणाऱ्या अवस्थेवर रोखलेल्या आहेत, रक्तातल्या संसर्गाचा उपचार त्यांनी होत नाही.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर घ्यावी का? आणि दाहच मारतो, तर मग स्टिरॉइड का देत नाहीत?

पावडरीने वर सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट दुरुस्त होत नाही. हिमोझोइन त्याने साफ होत नाही, न्यूट्रोफिलचा फवारा त्याने परतत नाही. त्या पैशांत औषधांचा पूर्ण कोर्स आणि चांगली मच्छरदाणी घ्या. लोहाच्या गोळ्याही हिवताप चालू असताना स्वतःहून सुरू करू नका, केव्हा घ्यायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या.

स्टिरॉइडची कल्पना तर्काने बरोबर वाटते, आणि ती तपासलीही गेली आहे. १९८२ मध्ये मेंदूच्या हिवतापात डेक्सामेथासोन देऊन चाचणी झाली. मृत्यू कमी झाले नाहीत, वाचलेल्यांची बेशुद्धी लांबली, न्यूमोनिया आणि जठरातला रक्तस्राव वाढला. तेव्हापासून ते हिवतापासाठी देत नाहीत. गंभीर हिवतापात शिरेतून आर्टेसुनेट देतात : दर किलोला २.४ मिग्रॅ, २० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांत ३ मिग्रॅ, पहिली मात्रा लगेच, मग १२ आणि २४ तासांनी, पुढे गरजेनुसार रोज एकदा. तोंडाने औषध घेता येऊ लागलं की तीन दिवसांचा संयुक्त गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यावाच लागतो. आर्टेसुनेटनंतर एक ते चार आठवड्यांत काहींच्या तांबड्या पेशी उशिराने फुटतात. प्लीहा परजीवी बाहेर काढून घेऊन पेशी रक्तात परत सोडते, पण त्या पेशी अल्पायुषी असतात. म्हणून घरी गेल्यावर चार आठवडे, साधारण दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासावं, आणि लघवी काळसर झाली किंवा अचानक थकवा, फिकटपणा आला तर लगेच दाखवावं.